पेला, पेरू आणि मिरी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी 'वाइन्स' अशी पाटी लावलेलं दुकान सापडतं आणि त्यात वाइन सोडून सगळं दिसतं. काउंटरमागे व्हिस्की आणि रमच्या रांगा, बाजूला बिअरने गच्च भरलेला फ्रीज. वाइनची चौकशी केली की दुकानातला पोऱ्या स्टुलावर चढतो, सगळ्यात वरच्या फळीवर हात घालतो आणि पत्र्याखाली तापलेली, खांद्यावर धूळ बसलेली बाटली खाली काढतो. फडक्याने पुसतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो. गिऱ्हाइकाने बाटलीवरचं साल पाहून कुरकुर केलीच, तर मालकाचं उत्तर तयार असतं, "साहेब, वाइन जितकी जुनी तितकी भारी."

ही समजूत फार पक्की आहे. बोर्दोच्या काही मोजक्या बाटल्या वीस-तीस वर्षं मुरतात आणि सुधारतात, हे खरं; पण जगात तयार होणारी बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. नाशिकची पांढरी वाइन तर त्याहूनही ताजी प्यावी. तिची सगळी गंमत वासात आणि आंबटपणात असते, आणि वास आधी उडतो. वाइन साठवायची ती 12 ते 15 अंश तापमानाला. पत्र्याखालची फळी मे महिन्यात चाळिशी सहज गाठते. अशा बाटलीतली पांढरी वाइन फिकट सोनेरी न राहता तपकिरीकडे झुकते, लाल वाइनला शिजून आटलेल्या फळाचा वास येतो, बूच असेल तर ते किंचित वर सरकलेलं दिसतं. चूक दुकानातल्या उन्हाळ्याची, बोल मात्र वाइन करणाऱ्याला. "देशी वाइन ना, अशीच असायची" हा शेरा पुष्कळदा त्या फळीलाच मारलेला असतो.

म्हणून देशी वाइनची शिफारस करणाऱ्याने ब्रँडचं नाव सर्वांत शेवटी उच्चारावं. आधी बाटलीवरचं साल पाहावं, मग दुकान, मग ताटात काय वाढलंय ते. हे जुळलं तर साधी बाटलीही रंगत आणते. नाही जुळलं तर महागडी फुकट जाते.

साल का पाहायचं, ते द्राक्षबागेचं वेळापत्रक कळलं की उमगतं. युरोपात वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीला येतो. वाइनच्या द्राक्षांचा जगभरातला रूढ पट्टा 30 ते 50 अक्षांशांमधला. नाशिक आहे विसाव्या अंशावर. इथे वेल झोपतच नाही, त्याला छाटणीने शिस्त लावावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि मग जानेवारी ते मार्च तोडणी. त्या दिवसांत दुपारी कडक ऊन असतं आणि रात्री हुडहुडी. उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दर हिवाळ्यात छापून येते. वाइनवाल्यांसाठी ती हवामानापेक्षा मालाची बातमी असते. फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांची पांढरी वाइन त्याच वर्षी बाटलीत उतरून बाजारात येऊ शकते. त्यामुळे दिवाळीला पांढरी घ्यायची तर त्याच वर्षीची मागावी, फार तर मागच्या वर्षीची. काही बाटल्यांवर हंगामाचं साल नसतं, नुसती भरल्याची तारीख असते. तीही चालते, वाचली म्हणजे झालं.

तोडणी कधी करायची, हा वर्षातला सगळ्यात महागडा निर्णय. वाइनमेकर बागेत हिंडतो, दोन-चार वेगवेगळ्या घडांतले मणी तोडतो, चिरडतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकतो आणि नळी डोळ्याला लावून उजेडाकडे बघतो. आत आकड्यांची पट्टी दिसते, ती रसातली साखर ब्रिक्समध्ये दाखवते. खायची द्राक्षं साधारण 17-18 ब्रिक्सला तोडणीयोग्य होतात. लाल वाइनच्या द्राक्षांना 23-24 पर्यंत थांबवतात, कारण 24 ब्रिक्सचा रस पुरता आंबला की त्यात 13 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार होतं. आकडा पाहून झाला की तो उरलेला मणी तोंडात टाकतो आणि बी दाताखाली फोडतो. बी हिरवी, चिवट असेल तर वाइनमध्ये कच्चा तुरटपणा उतरणार. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटली तर क्रेट मागवायचे. नळी फक्त साखर सांगते, पिकणं बी सांगते. तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकायची, कारण उन्हात तापलेला घड कारखान्यात पोचेपर्यंत आपसूक आंबू लागतो.

ही द्राक्षं खायला मात्र मुळीच बरी वाटत नाहीत. म्हणजे साखर भरपूर, पण मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. सोनाका किंवा थॉमसनच्या लांबट, बिनबियांच्या मण्यांची सवय असलेला माणूस शिराझचा घड हातात घेऊन बुचकळ्यातच पडेल. या बारीक मण्यामागे एक मोठं दुखणं दडलेलं आहे.

आधुनिक भारतीय वाइनचा पहिला मोठा डाव श्यामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी मांडला. शँपेनच्या फ्रेंच जाणकारांची मदत घेऊन केलेली त्यांची फेसाळ वाइन परदेशात 'ओमर खय्याम' नावाने विकली गेली. पुढे राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले. गंगापूर धरणाजवळच्या जमिनीवर त्यांनी वाइनची द्राक्षं लावली आणि 2000 साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क झाले. बागाईतदार उत्साहाने या पिकाकडे वळले. मग 2008 ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटक आटले आणि कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. खायची द्राक्षं कारखान्याने नाकारली तर बाजार समितीत नेता येतात. ही बियांची, आंबट-तुरट द्राक्षं घेणार कोण? कित्येकांनी उभ्या बागा खुंटासकट उपटल्या. नारायणगावचा पहिला मोठा उद्योगही कर्जाखाली बसला.

त्या पडझडीतून जे उरले, त्यांच्यात बरीच देवाणघेवाण झाली. बंगळुरूजवळच्या नंदी टेकड्यांतली ग्रोव्हर आणि नाशिककडची झांपा 2012 मध्ये एक झाल्या. दिंडोरीजवळची चारोसा पुढे त्यांच्याकडे गेली. गंगापूरची यॉर्क 2021 मध्ये सुलाने घेतली, आणि डिसेंबर 2022 मध्ये सुला शेअर बाजारात आली. पिणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की दहा वर्षांपूर्वी कुणी मित्राने सांगितलेलं नाव आज त्याच हातातून उतरत असेल याची खात्री नाही. लेबल तेच राहतं, आतलं बदलतं. जुन्या शिफारशीला जुन्या बाटलीइतकाच भाव द्यावा.

आता पेल्याकडे. नवख्याला चाखण्याची धास्ती वाटते ती वासांच्या यादीमुळे. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. शास्त्रज्ञ आणि वाइनवाले एकच वास एकाच नावाने ओळखावेत, हा त्यामागचा साधा हेतू. पण ते तिथल्या नाकांसाठी होतं. ब्लॅककरंट कधी न खाल्लेल्या माणसाला वाइनमध्ये ब्लॅककरंट कुठून सापडणार? मग तो यजमानाच्या तोंडाकडे बघून मान डोलावतो, आणि वाइन ही आपली गोष्ट नव्हे असं मनाशी ठरवून घरी जातो.

खरं तर मराठी स्वयंपाकघरात वाढलेलं नाक या कामाला उत्तम तयार असतं, आणि यात कौतुकापेक्षा रसायनशास्त्र जास्त आहे. सोविन्यों ब्लाँमध्ये पिकल्या पेरूचा वास येतो तो भास नव्हे. गंधक असलेले जे रेणू पेरूच्या वासात असतात, त्यांतलेच काही या वाइनमध्ये आंबवणीच्या वेळी मोकळे होतात. तिच्यातला हिरवट, कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन नावाच्या रेणूंचा, आणि ढोबळी मिरचीतही तेच असतात. मणी उन्हात जसजसे पिकत जातात तसतसे हे रेणू घटतात. म्हणजे पेल्यात ढोबळी मिरची जोरात असेल तर तोडणी लवकर झाली, पेरू पुढे असेल तर उशिरा, असा अंदाज नाकानेच बांधता येतो. काही शिराझमध्ये काळी मिरी जाणवते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की हा वास रोटंडोन नावाच्या रेणूचा आहे आणि खऱ्या मिरीलाही तोच तिखट वास देतो. त्याच अभ्यासात असं आढळलं की साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वासच येत नाही. एकाच टेबलावर एकाला मिरी लागते, दुसऱ्याला लागत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. मस्कत द्राक्षांच्या वाइनमधला लिनालूल हा धन्यांतल्या तेलाचा मुख्य घटक. ओकच्या भाजलेल्या पिंपात मुरलेल्या लाल वाइनला लवंगेचा वास येतो, कारण लवंगेतलं युजेनॉल त्या लाकडातही असतं.

तोंडातली जाणीवही अनोळखी नाही. लाल वाइनने जीभ आणि गाल आकसतात ते टॅनिनमुळे: सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडाचा ओशटपणा निघून जातो. जांभूळ, सुपारी, कोरा चहा यांनी हेच होतं. आयुर्वेदाच्या षड्रसांत याला स्वतंत्र मान आहे, कषाय. युरोपीय चवींच्या यादीत तुरटाला तशी जागा नाही. आणि बाटलीच्या तळाशी कधी खडीसाखरेसारखे बारीक खडे दिसले तर दुकानदाराशी भांडू नये. थंडीने खाली बसलेले ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. चिंचेच्या आंबटपणातही हेच आम्ल आहे.

चाखायची पद्धत दोन मिनिटांत शिकता येते. पेला तिसरा हिस्सा भरावा, वर वासाला जागा ठेवावी. देठाला धरून हलकेच फिरवावा, नाक आत घालून हुंगावं, मग घोट तोंडभर फिरवावा. पांढरी आधी, लाल नंतर. कोरडी आधी, गोड शेवटी. थुंकणं हे असभ्य नव्हे, कामाचा भाग आहे. टेस्टिंग रूममध्ये त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि शनिवारी मुंबईहून आलेली पाहुणेमंडळी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. परतीला कसारा घाट उतरायचा असतो, हे निदान गाडी चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

तापमानाचं मात्र आपल्याकडे हटकून बिघडतं. लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी, हे वाक्य ज्या खोल्यांत जन्मलं त्या 16-18 अंशांच्या होत्या. नागपूरच्या किंवा दादरच्या खोलीत ती 30 अंशांवर गेली की फक्त अल्कोहोल नाकात शिरतं. लाल बाटली पिण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, कुणी नाक मुरडलं तरी. पांढरी दोन तास. फिरकीचं झाकण पाहूनही नाकं मुरडली जातात. पण ताज्या वाइनसाठी ते बुचाइतकंच चांगलं, आणि सहलीला तर सरसच.

शिफारस करणाऱ्याने स्वतःच्या जिभेवरही फार भरवसा ठेवू नये. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दोमधल्या वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग मिसळून दिला गेला. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्याने नाकाला फसवलं. रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातले छोटे वाइन उत्पादक आणि निवृत्त प्राध्यापक. आपल्या वाइनला एका स्पर्धेत सुवर्ण आणि दुसरीकडे काहीच कसं मिळत नाही, या कोड्याने ते हैराण होते. त्यांनी तिथल्या राज्य मेळाव्याच्या स्पर्धेत परीक्षकांना न सांगता एकाच बाटलीतली वाइन तीनदा दिली. जेमतेम दहा टक्के परीक्षकांचा निवाडा तिन्ही वेळा एका पदकाच्या पट्ट्यात राहिला. बाटलीवर चिकटवलेल्या पदकाच्या सोनेरी स्टिकरकडे त्यानंतर जरा सावधपणे बघणं आलंच.

उपाय सोपा आहे आणि आपल्याकडे तो दुकानातूनच फुकट मिळतो: वर्तमानपत्र. तीन-चार बाटल्या कागदात गुंडाळून, आकडे घालून, नाव न कळता चाखाव्यात. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज व्यापाऱ्याने हेच मोठ्या थाटात केलं. फ्रेंच परीक्षकांनी नावं न बघता गुण दिले आणि लाल, पांढऱ्या दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. याच स्पुरिअरचा संबंध पुढे सोलापूर जिल्ह्याशी जुळला. अकलूजच्या मोहिते-पाटील बंधूंनी दिल्लीच्या सेखरी आणि इटलीच्या सेच्ची बंधूंबरोबर उभी केलेली फ्रातेल्ली ही तिथली वायनरी. तिचे वाइनमेकर इटलीचे पिएरो मासी, आणि मासी-स्पुरिअर या जोडीने तिथे 'एम/एस' नावाच्या वाइन सिद्ध केल्या. उसाच्या त्या मुलखात इटलीची सांजोव्हेजे रुजली आहे आणि तिची कॅबर्ने सोविन्योंशी मोट बांधलेली 'सेत्ते' ही लाल वाइन आवर्जून झाकून चाखावी. शेजारी तशीच एखादी परदेशी बाटली ठेवली तर गंमत वाढते.

राहता राहिलं ताट. युरोपात वाइन जुळवताना मांस आणि सॉस पाहतात. इथे आधी तिखट पाहावं लागतं. अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही मिरचीचा जाळ वाढवतात. मिसळीवर किंवा खानदेशी शेवभाजीवर कडक कॅबर्ने घेणं म्हणजे आगीत तेल. तिखटाला हवा थंडपणा आणि किंचित गोडवा. तिथे नाशिकची शेनिन ब्लाँ चपखल बसते. मूळची फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातली ही द्राक्षं. उष्ण हवेतही आंबटपणा धरून ठेवतात, म्हणून इथे रुळली. नाशिकच्या पुष्कळ शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते. वाइनचे शौकीन त्यावरून तिची हेटाळणी करतात. पण त्यांनी ती नुसती प्यायलेली असते, मिसळीबरोबर नव्हे.

तळलेल्या सुरमईवर लिंबू पिळायच्या जागी सोविन्यों ब्लाँ. बटाटेवडे, भजी, साबुदाणावडे, तेलकट असेल त्या सगळ्याला फेसाळ वाइन, कारण आंबटपणा आणि बुडबुडे मिळून जिभेवरचं तेल धुऊन नेतात. सुलाची ब्रूट आहे, यॉर्कची शेनिनपासून केलेली आहे, आणि फ्रेंच शँपेनवाल्यांनी 2013 मध्ये नाशिकची द्राक्षं घेऊन बाजारात आणलेली शांदों आहे. मटणाच्या सुक्क्याला शिराझ चालते, रस्सा बेताचा तिखट असेल तर. ओकमध्ये मुरलेल्या वाइनमधली लवंग आणि गरम मसाल्यातली लवंग एकमेकींना ओळखतात. कोल्हापुरी तांबड्या रश्शाला मात्र थंड रोझेच बरी. सोलकढी समोर असेल तर वाइन उघडूच नये; कोकमाच्या आंबटापुढे कोणतीही वाइन पाणचट लागते.

गोडाचा नियम एकच: वाइन पक्वान्नापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. त्यासाठी वेलीवर जास्त दिवस ठेवून सुकू दिलेल्या शेनिनची 'लेट हार्व्हेस्ट' सुला करते. इगतपुरीजवळ संजेगावची व्हॅलोने अशाच सुकवलेल्या द्राक्षांपासून 'व्हँ द पासरियाज' बनवते. बाटली लहान असते आणि चौघांना पुरते. साजूक तूप सोडलेल्या पुरणपोळीबरोबर ती फार छान जाते. जायफळ-वेलचीचा वास आणि तिच्यातला मध-जर्दाळूचा वास चटकन एक होतात. अडचण आहे ती शेजारी वाढलेल्या कटाच्या आमटीची. तिचा एक भुरका घेतला, की चिंच, मसाला आणि तिखट मिळून पुढच्या घोटाची चवच पुसून टाकतात. तेव्हा पोळ्या आमटीबरोबर रीतसर जेवाव्यात, आणि शेवटची अर्धी पोळी नुसत्या तुपाबरोबर बाजूला ठेवून मगच पेला भरावा.